साठीनंतर दोघांनी परदेशी मिशनच्या सेवेला जाणे: रोजचा दिवस कसा असतो?

कुळागर

नमस्कार. गोव्यातल्या केप्याहून लिहिते आहे. आमच्या कुंपणापलीकडचं घर गेल्या चतुर्थीपासून बंद आहे. तिथलं जोडपं टांझानियात, म्वांझा शहराच्या बाहेर एका कॅथलिक मिशनमध्ये दोन वर्षांसाठी गेलं आहे. पात्रांव (नवऱ्याला आम्ही असंच म्हणतो) तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. जन्मभर बोटीच्या इंजिनरूममध्ये काम केलं. बायको बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नर्स होती, मी तिला अजून सिस्टरच म्हणते. दोघांनी साठी ओलांडलेली, मुली लग्न होऊन परदेशी. घराची चावी माझ्याकडे आहे. पावसात दर आठवड्याला दारं-खिडक्या उघडून वारा खेळवते, नाहीतर कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते.

त्यांचा फोन बहुतेक त्यांच्या पाचला येतो, म्हणजे आपल्या साडेसातला. मी दिवाबत्ती करून बसलेली असते. त्या बोलण्यातून त्यांचा दिवस मला तोंडपाठ झालाय. पहाटे उठायचं, साडेसहाची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. उजाडायला पावणेसात होतात, त्यामुळे जाताना हातात बॅटरी. मग चहा आणि तळलेली मांदाझी. आठला ती दवाखान्यात, तो पंपाच्या खोलीत. दुपारी भात, घेवड्याची उसळ, माठाची भाजी. थोडी झोप. चारनंतर बाजार, कपडे धुणं, शेजारी कुणाकडे. सातला काळोख. वीज असली तर वाचन, नसली तर रोझरी म्हणून आडवं व्हायचं.

इतकं साधं आहे सगळं, आणि तरी त्या दोघांच्या आवाजात जे आलंय ते मी पंचवीस वर्षांच्या शेजारात कधी ऐकलं नव्हतं.

आता विचारायचं ते असं. मिशनच्या शाळेत हिशेब नीट लावून देणारं माणूस हवं आहे. माझे यजमान सहकारी बँकेतून निवृत्त. सिस्टरने विचारलंय, सहा महिन्यांसाठी दोघं याल का? मी प्राथमिक शिक्षिका होते, तिथे लहान मुलांत मलाही काम मिळेल. आम्ही हिंदू, घरचे कुळाचार पाळणारे. फादरना त्यात अडचण नाही, हे त्यांनी पहिल्या फोनवरच सांगितलं. पुण्याचा मुलगा मात्र तयार नाही.

तुमच्यापैकी कुणी या वयात दोघं मिळून असं गेलं आहे का? कुणाला जवळून पाहिलंय? दिवस कशाने जड जातो? आणि काय असलं तर जाऊच नये?

सुंगटां

वाचतोय. माझा पहिला प्रश्न: नुस्त्याचं (मासळीचं) काय?

कुळागर

सुंगटां, तळं जवळच आहे, व्हिक्टोरिया सरोवर. तिलापिया मिळतो, आणि सांगारा नावाचा मोठा मासा, तुकडे करून विकतात. पण सिस्टरचा जीव जडलाय तो 'दगा'वर. बोटाएवढी चिमुकली मासळी, सरोवरकाठी वाळूवर नि जाळ्यांवर सुकत घातलेली असते, बाजारात डब्याच्या मापाने मिळते. भाजून, कांदा-खोबरं-मिरची घालून तिने त्याची किसमूर केली. मिशनमधल्या स्वयंपाकीण बायका आधी हसल्या, आता त्याच करतात. नारळ मात्र किनाऱ्याकडून येतो, म्हणून महाग. जाताना तिने पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) तयारी करावी तशी बॅग भरली होती: सोलं (आमसुलं), काश्मिरी नि हरमली मिरची, माडाचा गूळ. गुळाच्या ढेपेवरून विमानतळावर प्रश्नोत्तरं झाली, पण गेला.

सॉल्टलेकवरून

ताई, छान धागा. मूळची माझी म्हापशाची, सध्या यूटामध्ये आहे. इथे हा प्रकार घरोघरी आहे म्हटलं तरी चालेल. इथला मोठा समाज लॅटर-डे सेंट्स चर्चचा, ज्यांना बाहेर मॉर्मन म्हणतात. त्यांच्यात अठरा वर्षांचे मुलगे दोन वर्षांसाठी मिशनवर जातात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. निवृत्त जोडपीही जातात हे कमी ठाऊक असतं. आमच्या गल्लीतून मी तीन जोडपी जाताना पाहिली. शेवटचं फिलिपिन्सला गेलं.

त्यांची पद्धत सांगते. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने. खर्च बराचसा स्वतःचा: घरभाडं, जेवण, विमा. घरात अठरा वर्षांखालचं मूल नको. आधी तब्येतीचे कागद जातात, मग बोलावणं येतं. इथल्याच प्रोवो शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात थोडे दिवस राहायचं नि निघायचं. तरुणांसारखं दारोदार फिरणं त्यांना सक्तीचं नसतं. ज्येष्ठांना कामं वेगळी: कार्यालय सांभाळणं, मदतकार्याच्या विहिरी-शाळांचा पाठपुरावा, जुन्या नोंदवह्यांचं काम, छोट्या मंडळ्यांना आधार देणं. आमच्या शेजारच्या आजींकडे तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासायचं काम होतं. बेसिनमध्ये भांडी साचली आहेत का, फ्रिजमध्ये काय सडलंय. त्या सांगत, वीस वर्षांच्या पोरांना भात कसा शिजवायचा हे शिकवणं हेच माझं मिशन झालं.

आठवड्यातला एक दिवस घरकामाचा असतो, त्यात धुणं, बाजार, पत्रं. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य, दारू-तंबाखूही. त्यामुळे परक्या देशात कुणाच्या घरी गेलं की पहिला पेच चहाचाच. फिलिपिन्समध्ये त्यांनी लिंबाच्या सरबतावर निभावलं. आपल्याकडे आले असते तर कोकम सरबताने सुटले असते.

जड काय गेलं? आजींनी मला सरळ सांगितलं, नातवंडांचे वाढदिवस. आणि नवऱ्याला काम नसलेली दुपार.

वेर्णेकर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. गोव्यात राहून 'मिशन' हा शब्द आपण इतक्या सहज कसा वापरतो? १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) आलं ते १८१२ पर्यंत राहिलं. आमची म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला न्यावी लागली. रातोरात नदी ओलांडून. माझ्या आडनावात ते गाव आहे आणि गावात माझं देऊळ नव्हतं. कुळागर ताई, तुमचं मन मोठं आहे, पण ज्या संस्थेचा मूळ हेतू धर्मप्रसार, तिचे हिशेब फुकट का लिहून द्यायचे?

पोदेर

वेर्णेकर, तुम्ही सांगता तो इतिहास माझाही आहे. माझे पूर्वज त्याच भागातले, गोव्यातल्या साष्टीतले. काही नदीपार गेले, काही राहिले, त्या राहिलेल्यांचा मी. घरी आजोबा मराठी वर्तमानपत्र वाचायचे म्हणून मी इथे आहे.

त्याच साष्टीतल्या बाणावलीला १६५१ मध्ये जुझे वाझ जन्मले. १६८७ मध्ये ते श्रीलंकेत शिरले ते मजुराच्या वेषात, अनवाणी. तिथे किनाऱ्यावर डच सत्ता होती आणि कॅथलिक पाद्रींना बंदी. पाठीशी फौज नाही, पोर्तुगीज गलबत नाही. कँडीच्या बौद्ध राजाने आधी हेर समजून कोंडलं. १६९७ मध्ये देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना रानात टाकून पळाले, तेव्हा या माणसाने त्यांना धुतलं, जेवू घातलं, पुरलं. राजाने त्यांना मोकळीक दिली ती त्यानंतर. १७११ मध्ये ते कँडीतच वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं.

सत्तेच्या आधाराने आलेलं मिशन आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं मिशन, दोन्ही गोव्याने पाहिली आहेत. पहिल्याचा राग मी समजतो. पण दुसऱ्याकडे पाहायचंच नाही असं करू नये.

कुळागर

वेर्णेकर, राग नाही. आमचाही कुलदेव नदी ओलांडून आलेला. हाच प्रश्न मी सिस्टरला अगदी असाच विचारला होता, ती निघायच्या आधी, माझ्याच सोप्यावर. ती म्हणाली, "मी तिथे कुणाला काही सांगायला जात नाही गे बाय. मला त्यांची भाषाच येत नाही. मी चादरी उकळणार, वजनं घेणार. मला नर्सिंग येतं, प्रवचन कुठे येतं?"

आणि झालंही तसंच. तिथल्या परिचर्या परिषदेत नोंदणी नसताना तिला रुग्णाला इंजेक्शनही देता येत नाही. पस्तीस वर्षांचा वॉर्डचा अनुभव, आणि आता ती लहान बाळांच्या दिवशी काट्याला टांगलेल्या झोळीत बाळ ठेवते, वजन वहीत लिहिते, उपकरणं उकळते, नव्या मुलींना हात कसे धुवायचे ते दाखवते. सुरुवातीला तिला याचा फार त्रास झाला. "ताप अंगावर दिसतो आणि मी बाजूला उभी," असं म्हणून रडली होती फोनवर. आता म्हणते, ती तिशीतली तिथली नर्स माझी वरिष्ठ, आणि ती फार चांगली आहे.

दवाखान्यात येणाऱ्यांत मुसलमान आया खूप. त्यांना कुणी धर्म विचारत नाही. मी विचारून घेतलं आहे.

वेर्णेकर

मान्य, त्यांच्यापुरतं. माझी संस्थेबद्दलची शंका तशीच आहे, पण ती या बाईंवर नाही.

धागापाल

इन्क्विझिशनवर स्वतंत्र धागे आहेत, चर्चा तिकडे करावी. इथे मूळ प्रश्नाला धरून लिहू या.

दारेसलामची पोर

म्वांझा वाचलं आणि बसवेना. माझा जन्म दार-ए-सलामचा. वडील तिथे रेल्वेच्या कचेरीत होते. संध्याकाळी गोवन इन्स्टिट्यूटमध्ये सगळे जमायचे, बायका एकीकडे, पत्ते एकीकडे. मध्य रेल्वेची गाडी दारहून निघून तबोराला फुटायची, एक फाटा किगोमाला, एक म्वांझाला. वडिलांबरोबर एकदा गेले होते. सरोवरात हत्तीएवढाले दगड एकावर एक बसलेले, कुणी रचून ठेवल्यासारखे. ते अजून तसेच असणार.

कुळागर, तुम्हाला एक सांगते, वेळेचा घोळ होईल. स्वाहिलीत दिवस सूर्योदयाबरोबर मोजायला लागतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कुणी "तीन वाजता या" म्हणाला तर नऊ समजायचं. विषुववृत्त जवळ, दिवस बारा महिने सारखाच, म्हणून ते चालतं.

दुसरं, वयाला मान खूप. मुलं वाकून "शिकामो" म्हणतात, त्याला "माराहाबा" म्हणायचं. उत्तर दिलं नाही तर पोर तिथेच उभं राहतं. आणि घाई करून थेट कामाचं बोलायचं नाही. घरचे कसे, कामं कशी, झोप लागली का, सगळं विचारून मग "पंपाचा पाना कुठे आहे?"

कुळागर

दारेसलामची पोर, अगदी! पात्रांव पहिल्या आठवड्यात मिसेला सहा तास आधी तयार होऊन बसले होते असं सिस्टर सांगते. कुणीतरी "साडेबाराची मिसा" म्हणालं, ती सकाळी साडेसहाची, आणि हे रात्री साडेबाराला बूट घालून.

अबोली

हसले, पण माझा प्रश्न गंभीर आहे. दोघांचं कसं जमतं? चोवीस तास एकत्र, एकच खोली, ओळखीचं कुणी नाही. निवृत्तीनंतर आमच्याकडे नुसतं टीव्हीच्या रिमोटवरून रोज होतं. तिकडे तर माहेरही जवळ नाही रागाने जायला.

कुळागर

अबोली, मला सगळ्यात जास्त याच गोष्टीबद्दल लिहायचं होतं, बरं झालं विचारलंस.

तारवट्याचं घर कसं असतं ते गोंयकाराला सांगायला नको. नऊ महिने बोटीवर, दोन-तीन महिने घरी. तो येतो तेव्हा पाहुण्यासारखा येतो: सुटकेसी, चॉकलेटं, दुरुस्त्या, लग्नं, फेस्तं (चर्चचे सण). सगळ्यांना त्याला भेटायचं असतं. मग तो जातो आणि घर पुन्हा बाईच्या पद्धतीने चालू लागतं. सिस्टरने दोन मुलींची आजारपणं, शाळा, सासूचं शेवटचं अंथरूण, सगळं रात्रपाळ्या सांभाळून एकटीने केलं. तो निवृत्त होऊन कायमचा घरी आला तेव्हा दोघांनाही कळेना की आता या माणसाचं काय करायचं. त्याला मिठाचा डबा कुठे आहे ते माहीत नव्हतं. तिला आवडायचं नाही तो स्वयंपाकघरात आलेला. हे तिनेच मला सांगितलेलं, आणि इथे लिहू का विचारल्यावर "लिही, कुणाला तरी उपयोग होईल" म्हणाली.

म्वांझाला गेल्यावर दोघंही सारखेच नवखे. तिचं घर नाही, त्याची बोट नाही. मिठाचा डबा दोघांनी मिळून विकत आणला आणि दोघांनी ठरवला कुठे ठेवायचा. भाषेचा धडा एकाच वहीतून. तिला आकडे लवकर येतात, त्याला क्रियापदं. बाजारात ती भाव करते, तो पिशव्या धरतो आणि मोबाइलवरून पैसे देतो. मिशनमधली पोरं त्याला बाबू म्हणतात, तिला बीबी, म्हणजे आजोबा नि आजी. लग्नाला चाळीस वर्षं होत आली आणि इतके दिवस सलग एकत्र ते पहिल्यांदाच राहताहेत.

भांडणं होतात. एका खोलीत होतात म्हणून आवाज न चढवता होतात. तिने नियम केलाय, दुपारी एक तास तो शेडमध्ये, ती खोलीत. कुणी कुणाला हाक मारायची नाही.

मांडवीकाठ

डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील बोटीवर होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेले. आईला ते असे कधी मिळालेच नाहीत.

सुंगटां

कुळागर, पात्रांव नक्की करतात काय तिथे? इंजिनरूमवाल्या माणसाला मिशनमध्ये काय काम?

कुळागर

भरपूर. जनरेटर, विहिरीवरचा पंप, सौर पत्र्यांच्या बॅटऱ्या, पावसाच्या पाण्याच्या टाक्या. तिथे पाऊस दोनदा, मार्च ते मे मोठा आणि वर्षाअखेरीस छोटा. मधल्या कोरड्या महिन्यांत टाकी गळली तर शाळेचं पाणी बंद. आधी दुरुस्तीला माणूस शहरातून यायचा आणि दिवस जायचे. पात्रांवांनी हाताखाली चार मुलगे घेतलेत. पंप उघडायचा, प्रत्येक भाग क्रमाने कपड्यावर मांडायचा, नाव सांगायचं, परत जोडायचा. बोटीवर कॅडेटना शिकवायचे तसंच. आता ते हात लावत नाहीत, खुर्चीवर बसून बघतात.

सरोवरातल्या फेरीबोटींवर त्यांचा फार जीव. १९९६ च्या मे महिन्यात म्वांझाजवळ 'बुकोबा' बोट बुडाली होती, शेकडो माणसं गेली. ते त्या बोटीची गोष्ट प्रत्येक फोनला सांगतात. फेरीत चढले की आधी लाइफजॅकेटं कुठे आहेत ते पाहून मगच बसतात, आणि शेजारच्यालाही दाखवतात.

डॉक्टरकाकी

आता थोडं कंटाळवाणं पण गरजेचं लिहिते.

कुळागर, यलो फीव्हरची लस. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे आधी तुमच्या डॉक्टरांशी सविस्तर बोला, मग वास्कोला मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी करा. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य, आणि आता ते आयुष्यभर चालतं. परत येताना ते आपल्याच विमानतळावर मागू शकतात, आणि नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

मलेरिया. "आम्ही गोव्याचे, डास नवीन नाहीत" असं म्हणू नका, तिकडचा फाल्सिपेरम मलेरिया जीवघेणा असतो. औषध लावलेली मच्छरदाणी रोज, दुपारच्या झोपेलाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या ते तुमच्या बाकीच्या औषधांवर ठरेल. ताप आला की त्याच दिवशी तपासणी, क्रोसिन घेऊन वाट पाहायची नाही.

सरोवरात पाय बुडवायचे नाहीत. गोगलगाईंतून येणारा बिल्हार्झिया हा कृमींचा आजार तिथे आहे. म्वांझा समुद्रसपाटीपासून साधारण ११३० मीटरवर आहे, रात्री गार होतं, एक स्वेटर न्या. दातांची कामं इथेच उरका. चष्म्याची जास्तीची जोडी. मोठा दवाखाना म्हणाल तर म्वांझात बुगांडो आहे, मोठं रेफरल रुग्णालय. मिशनपासून तिथे रात्री कसं पोचायचं, गाडी कुणाची, चालवणार कोण, हे आधी विचारा.

यजमानांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे का?

कुळागर

काकी, मधुमेह आहे, गोळ्यांवर. सहा-सात वर्षं झाली.

पेन्शनर

कागदपत्रांचं मी सांगतो. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका. जीवन प्रमाणमध्ये आता चेहऱ्यावरून ओळख पटवून मोबाइलवर होतं, पण निघण्याआधी तुमच्या पेन्शन देणाऱ्या कचेरीत विचारून एकदा इथेच करून पाहा. नाही जमलं तर दार-ए-सलामला भारतीय उच्चायोग आहे, पण म्वांझाहून दार जवळ नाही. आणि पर्यटक व्हिसावर जाऊन काम करू नका, फुकटचं असलं तरी. स्वयंसेवकांसाठी त्यांचा वेगळा परवाना असतो, क्लास सी म्हणतात. तो मिशननेच काढून द्यायला हवा. टाळाटाळ केली तर जाऊ नका.

वानप्रस्थी

आपल्याकडेही ही परंपरा आहे, फक्त बोलली जात नाही. विवेकानंद केंद्रात निवृत्त लोक वानप्रस्थी कार्यकर्ते म्हणून जातात. मी आणि ही, अरुणाचलातल्या एका शाळेत राहून आलो. देश आपलाच, पण भाषा, जेवण, थंडी सगळं परकं होतं.

ताई, दिवस कशाने जड जातो असं विचारलंत. माझं उत्तर: आपली किंमत कुणाला माहीत नसते त्याने. इथे मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. बाजारात चार लोक नमस्कार करतात. तिथे मी वसतिगृहातला नळ बंद करणारा म्हातारा होतो. सिस्टरबाईंचं वजनाच्या काट्याचं वाचलं आणि पटलं. हिला हे माझ्याआधी जमलं. बायकांना बहुधा आयुष्यभर सवय असते, कुणी नाव न घेता काम करायची.

खाजें

मी विरुद्ध बाजूने लिहितो. आम्ही दोघं परदेशात एका सेवासंस्थेत (चर्चची नव्हे) वर्षभरासाठी गेलो होतो आणि मुदतीआधी परत आलो. कारण तब्येत नव्हे, जेवण नव्हे. काम नव्हतं. "या, खूप करण्यासारखं आहे" असं म्हणणाऱ्यांनी आम्ही पोचल्यावर आम्हाला पाहुणे केलं. सकाळी चहा, दुपारी जेवण, संध्याकाळी "तुम्ही दमला असाल." शेवटी बायको म्हणाली, यांचं रेशन आपण खातोय.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. हिशेब लिहायला फुकटचा माणूस बाहेरून आला की तिथल्या एका शिकलेल्या मुलाची नोकरी गेली असं समजा. त्या गावात कॉमर्स शिकलेलं कुणीच नसेल का? सहा महिन्यांनी तुम्ही गेल्यावर वह्या कोण लिहिणार? आणि तुम्ही मराठी बँकेच्या शिस्तीत लिहिलेल्या वह्या त्यांना वाचता येतील का?

जाण्याआधी मिशनकडून लेखी घ्या: काम काय, कुणाच्या हाताखाली, कुणाला शिकवायचं, राहण्याची खोली आणि न्हाणीघर स्वतंत्र आहे का. हे चार नीट आले तर जा.

पोदेर

+१ खाजें. विशेषतः "कुणाला शिकवायचं".

वेर्णेकर

खाजें यांचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा जड आहे, हे मान्य करतो. कुळागर ताई, एक वेगळी गोष्ट. चतुर्थीचं काय? गणपतीवरची फळा-पानांची माटोळी कोण बांधणार? घरातला गणपती घरातल्याच हातांनी बसायला हवा.

कुळागर

वेर्णेकर, चतुर्थी सोडून जाणार नाही. आमच्याकडे माटोळीला रानातली फळं अजून आम्हीच आणतो, माट्टुळी, कांगणं, घागऱ्या, आणि ती ओळखणारी पिढी यजमानांपाशी संपतेय. गेलो तर जानेवारीत जाऊ आणि पावसाळ्यात परत येऊ. त्यासाठीच सहा महिने म्हटलं. दोन वर्षं आम्हाला शक्य नाहीत, हे सिस्टरलाही ठाऊक आहे. त्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं फेस्त तिथेही होतं. ३ डिसेंबरला सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त त्यांनी तिथल्या पॅरिशमध्ये केलं, दोन तासांची मिसा, सगळं गाऊन आणि नाचत. देणगी म्हणून लोकांनी केळीचे घड आणि कोंबड्या आणल्या, मग त्यांचा लिलाव. पात्रांवांनी एक कोंबडा जास्त बोली लावून घेतला आणि आता तो कापवत नाही म्हणून पाळलाय.

सॉल्टलेकवरून

कोंबड्याचं नाव काय ठेवलं?

कुळागर

कॅप्टन. इंजिनियर लोकांचं कॅप्टनशी पटत नाही म्हणे, म्हणून.

अबोली

ताई, मुलाचं काय? तो का नको म्हणतो?

कुळागर

तो म्हणतो, सेवा करायची तर इथे कमी आहे का? केप्यातच शाळा आहेत. त्याचं चूक नाही. पण खरी भीती वेगळी आहे, ती तो बोलत नाही. बाबांना तिथे काही झालं तर तो पोचणार कसा? मला ती भीती आहे. सिस्टरच्या मुलींनाही होती. थोरली निघायच्या आधी महिनाभर आईशी नीट बोलत नव्हती. आता दर रविवारी ती आईकडून दवाखान्यातल्या गोष्टी ऐकते आणि म्हणते, लहान असताना तू ड्यूटीवरून यायचीस तेव्हा काहीच सांगायची नाहीस. सिस्टर म्हणाली, तेव्हा वेळ कुठे होता.

इथे सेवा का नको, याचं माझं उत्तर एवढंच आहे की इथे मी कुणाची तरी काकी, बाई, सून असते. एका दिवसात दहा जण दारात येतात आणि मी कुणालाच नाही म्हणू शकत नाही. सहा महिने एकच काम, एकाच माणसाबरोबर, करून पाहावंसं वाटतं. हे सेवेचं कारण आहे की माझ्या मनाची हौस, ते मला सांगता येत नाही. दोन्ही असेल.

वानप्रस्थी

दोन्ही असावंच. नुसत्या त्यागावर माणूस सहा महिने टिकत नाही.

कुळागर

खाजें यांचे चार प्रश्न आणि काकींचा रात्रीच्या गाडीचा प्रश्न मी तसेच्या तसे फादरना पाठवले. उत्तर आलंय. शाळेत हिशेब लिहिणारी मुलगी आहे, तिथलीच, नोकरीवर. तिला ताळेबंद आणि ऑडिटची तयारी शिकवायची आहे, तिच्या जागी बसायचं नाही. वह्या इंग्रजीत. खोली स्वतंत्र, न्हाणीघर सिस्टर-पात्रांवांबरोबर सामायिक. गाडी आहे, ड्रायव्हर आवारातच राहतो, बुगांडोला रात्री सुमारे पाऊण तास. माझ्या कामाबद्दल मात्र "इथे आल्यावर बघू" असं आहे.

खाजें

यजमानांचं ठीक वाटतं. तुमचं "आल्यावर बघू" ठीक नाही. पुन्हा विचारा. आम्हाला तिथेच फसायला झालं होतं.

दारेसलामची पोर

बालवर्गात गाणी शिकवायला विचारा त्यांना. भाषा न येता पहिल्या दिवसापासून करता येईल असं तेच काम. आणि तोवर आकडे पाठ करायला लागा: मोजा, म्बिली, तातू.

कुळागर

विचारते. आकडे यजमानांनी सुरू केलेत, बँकवाले ना. रक्ताची तपासणी सोमवारी आहे.

डॉक्टरकाकी

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरीही करून घ्या, नुसती उपाशीपोटीची नको. डोळ्यांचा पडदा आणि पायांच्या नसा तपासून घ्या. ते रिपोर्ट हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. आले की मला व्यक्तिगत निरोप करा.